स्कूटरचं इंजिन काम आणि व्हॉल्व्हची देखभाल : गोव्यातल्या गाडीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं मुख्यतः चार-स्ट्रोक, हवेने थंड होणाऱ्या गिअरलेस स्कूटरसाठी आहेत. म्हणजे अॅक्टिव्हा, ज्युपिटर, अॅक्सेस आणि त्यांच्या जातीच्या गाड्या. काम स्वतः करणाऱ्याला ती उपयोगी पडतीलच. पण गॅरेजमध्ये गाडी देणाऱ्यानेही वाचावीत, कारण काय विचारायचं हे माहीत असलं की काम नीट होतं.

गाडी निळा धूर मारते. इंजिन गेलं का?

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, एवढं नक्की. ते कुठून आत येतंय हे धूर कधी येतो त्यावरून कळतं, म्हणून आधी दोन दिवस नुसतं लक्ष ठेवा.

चोर्ला घाट उतरताना अॅक्सिलरेटर सोडून आलात, खाली सपाटीला पोचल्यावर परत अॅक्सिलरेटर दिला आणि मागे निळा लोट निघाला, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर घ्या. थ्रॉटल बंद असताना इंजिन चालू राहिलं की इनटेकच्या वाटेत जोराची ओढ तयार होते. व्हॉल्व्हच्या दांड्यावरचं हे रबरी सील कडक झालं असेल किंवा दांडा ज्या नळीत सरकतो तो गाईड झिजला असेल, तर ही ओढ वरचं ऑइल व्हॉल्व्हच्या दांड्यावरून खाली खेचते. सकाळी पहिल्या स्टार्टला भसकन धूर येऊन मग थांबतो, त्यामागेही बहुतेक वेळा हेच असतं, कारण रात्रभर ऑइल झिरपून खाली साचलेलं असतं.

उलट, चढावर डबलसीट जाताना, जोर लावल्यावर सतत धूर येत असेल, तर दोष खाली आहे. रिंगा, पिस्टन किंवा बोअर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती पोकळी). दोन्ही वेळेला येत असेल तर दोन्ही गेलेत, आणि जुन्या गाडीत हेच जास्त आढळतं.

एक गोष्ट आधी तपासा, फुकटात होते. ऑइल प्रमाणापेक्षा जास्त भरलं असेल, तर ते ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात जातं आणि तिथून जळायला. फिल्टरचा डबा उघडा, तळाला ऑइल दिसतं का पाहा. सर्व्हिसिंगवाल्याने पूर्ण बाटली ओतलेली गाडी 'इंजिन काम काढावं लागेल' असं ऐकून घरी येते तेव्हा खरंच वाईट वाटतं.

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. जुलैतल्या सकाळी दिसणारी पांढरी वाफ सायलेन्सरमधल्या पाण्याची असते, गाडी तापली की जाते.

पिकअप नाही, पण धूरही नाही. तरी इंजिन उघडायचं?

नाही. आधी बेल्ट, रोलर आणि क्लच बघा. बेल्ट झिजून अरुंद झाला की इंजिन ओरडतं आणि गाडी पळत नाही. लोक याला इंजिनाचा दोष समजतात.

ऑइल किती कमी झालं तर काळजी करायची?

११० सीसीच्या अॅक्टिव्हात बदलीच्या वेळी जेमतेम ७०० मिली ऑइल बसतं. म्हणजे २०० मिली उडालं तर पाव हिश्श्याहून जास्त गेलं. मोटारीत चालून जाईल अशी घट इथे चालत नाही. दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये पातळी खालच्या खुणेखाली जात असेल, तर कारण शोधा.

पातळी बघताना गाडी सपाट जागेवर मेन स्टँडला लावा, इंजिन थोडं चालवून बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा. पट्टी पुसून नुसती आत टेकवा. अॅक्टिव्हात ती आट्यांत फिरवून मापायची नसते. इतर गाड्यांचं त्यांच्या मॅन्युअलमध्ये पाहा.

उघडण्याआधी दोष नेमका कुठे आहे हे कळू शकतं का?

कळू शकतं, आणि कळल्याशिवाय उघडूच नये असं माझं ठाम मत आहे. बोअरमधला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज बहुतेक चांगल्या गॅरेजमध्ये असतो. इंजिन कोमट, प्लग बाहेर, गेज जागेवर, अॅक्सिलरेटर पूर्ण उघडा, मग सेल्फ मारा आणि आकडा लिहून ठेवा. नंतर प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा ऑइल सोडून पुन्हा तेच करा. आकडा चांगला वर चढला तर रिंगा आणि बोअर झिजलेत, कारण ऑइलने ती फट तात्पुरती बुजली. आकडा जागचा हलला नाही तर गळती व्हॉल्व्हमधून आहे. काही इंजिनांत व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमवर डिकॉम्प्रेशनची, म्हणजे सुरू करताना दाब कमी करायची, सोय असते, तिथे आकडा मुळातच कमी येतो, म्हणून त्याच मॉडेलच्या मापाशी तुलना करा.

याहून बोलकी परीक्षा हवेची. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि कान लावायचा. ऑइल भरायच्या तोंडातून फुसफुस आली तर रिंगा. सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. कार्ब्युरेटर किंवा थ्रॉटल बॉडीकडून आली तर इनटेक. मॅग्नेटच्या बाजूने क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतो तो दांडा) धरून ठेवा आणि हवा कमी दाबाने सोडा, नाहीतर इंजिन फिरेल.

हाफ इंजिन करायचं की फुल?

हाफ म्हणजे हेड (वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) आणि ब्लॉक (त्याखालचा, बोअर असलेला भाग). फुल म्हणजे क्रँककेस, म्हणजे क्रँकचं कवच, खोलून क्रँक, बेअरिंग, कनेक्टिंग रॉड सगळंच. निर्णय ब्लॉक निघाल्यावर घ्या. कनेक्टिंग रॉड दोन बोटांनी धरून सरळ वर-खाली ओढा. त्या दिशेने टकटक लागली तर बिग एंड, म्हणजे रॉडचा क्रँकवरचा जोड, गेला, फुल इंजिनच. बाजूला थोडा सरकतो, तो त्याचा स्वभाव आहे, त्याला घाबरू नका. मॅग्नेटच्या बाजूने क्रँक हलवून पाहा आणि सावकाश फिरवून बेअरिंगची घरघर ऐका.

क्रँक ठीक असेल तर उगाच फोडू नका. पण क्रँक वाजत असताना वर नवा पिस्टन बसवणं हे पैसे पाण्यात घालणं आहे. तसं करून देणारा 'कमी खर्चात भागवलं' म्हणेल, आणि सहा महिन्यांत तीच गाडी पुन्हा उघडावी लागेल.

नुसत्या रिंगा बदलून भागत नाही का?

कधीकधी भागतं. मोजल्यावर.

जुनी नव्हे, नवी वरची रिंग घ्या. ती बोअरमध्ये ठेवा आणि पिस्टनच्या डोक्याने सरळ खाली ढकला म्हणजे ती तिरकी राहणार नाही. आता रिंगेच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने (ठरलेल्या जाडीच्या पातळ पानांनी) मोजा. आधी तळाशी मोजा, जिथे रिंग कधी घासत नाही. मग मध्ये, मग वरच्या भागात, जिथे सगळा मार बसतो. तळाशी फट मापात आणि वर दुप्पट झाली, म्हणजे बोअर वरच्या बाजूला झिजून रुंद झालाय. त्यात नवी रिंग घातली तर ती काही काळ टिकेल आणि धूर परत येईल. नखाने बोअरची वरची कड चाचपा, पायरी लागली तर वेगळं सांगायला नको.

बोअर गोल आहे की अंडाकृती, हे मात्र बोअर गेजशिवाय कळत नाही. ते लेथवाल्याकडे असतं. म्हापसा, फोंडा, मडगाव कुठेही गेलात तरी ब्लॉक त्याच्याकडे नेताना नवा पिस्टन सोबत न्या. त्याने बोअर त्या पिस्टनच्या मापाने मारायला, म्हणजे कापून मोठा करायला, हवा, डब्यावर छापलेल्या आकड्याने नाही. ओव्हरसाइज पिस्टन ०.२५, ०.५० मिलीमीटर अशा पायऱ्यांनी मिळतात. शक्य तेवढी लहान पायरी घ्या, पुढच्या वेळेसाठी जागा राहते. काही इंजिनांच्या बोअरला आतून कठीण लेप असतो आणि त्यांना बोअर मारता येत नाही. तिथे ब्लॉक-पिस्टनचा संच बदलावा लागतो. हे काम देण्याआधी विचारून घ्या.

बोअर मारून ब्लॉक आणला. लगेच बसवू?

थांबा, धुवा. लेथवाला म्हणेल धुतलाय, तरी धुवा. होनिंगच्या, म्हणजे बोअर घासायच्या, दगडाची बारीक पूड तिरप्या ओरखड्यांत अडकलेली असते आणि पेट्रोलने ती निघत नाही, नुसती पसरते. गरम पाणी, भांडी घासायचा साबण आणि ब्रश घ्या. घासून झाल्यावर पांढरं सुती फडकं ऑइलमध्ये बुडवून बोअर पुसा. फडकं करडं झालं तर पुन्हा पहिल्यापासून. पांढरं फडकं पांढरं राहीपर्यंत हे चालू ठेवायचं. मग ताबडतोब ऑइलचा हात फिरवा. आपल्याकडच्या दमट हवेत उघड्या बिडाला रात्रीतून तांबूस गंज धरतो.

बसवताना रिंगेवरची खूण वर, तिन्ही रिंगांच्या फटी एका रेषेत येऊ न देता वेगवेगळ्या दिशांना. पिस्टनवर 'आयएन' असेल तर ती बाजू इनटेककडे. पिस्टनची पिन धरून ठेवणारे सर्क्लिप नवेच घाला, आणि घालताना क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा. निसटलेला सर्क्लिप आत पडला की हाफ इंजिनाचं फुल होतं.

ब्लॉक नवा झाला. हेडला हात लावायची गरज आहे का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि इथेच सगळ्यात जास्त कामं फसतात. गरज आहे. खाली नव्या रिंगांनी दाब वाढला की वरची झिजलेली बाजू उघडी पडते. काल थोडा गळणारा व्हॉल्व्ह आज जास्त गळतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं एवढा खर्च करूनही गाडी तशीच.

व्हॉल्व्ह काढताना कुठला कुठे होता ते लक्षात ठेवा. प्रत्येक व्हॉल्व्ह गाईडमध्ये थोडा बाहेर धरून डावी-उजवीकडे हलवा. जाणवण्याइतका डुलला तर गाईड गेला. अशा गाईडवर नवं सील घातलं तरी ते लवकर फाटतं, आणि धूर पुन्हा सुरू होतो. गाईड बदलणं, व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती सीट पुन्हा कापणं ही कामं हेडचं काम करणाऱ्या माणसाचीच. व्हॉल्व्हचा दांडा वाकडा असेल, कडा पातळ झाली असेल किंवा एक्झॉस्टच्या तोंडावर जळका खड्डा असेल, तर तो व्हॉल्व्ह फेकून द्या.

सीट ठीक असेल तर घासणी पुरते. व्हॉल्व्हच्या तोंडाला लॅपिंग पेस्टचे दोन-चार ठिपके लावा, दांड्याला ऑइल. रबरी चूषकाची काठी लावून दोन्ही तळव्यांत ती पुढे-मागे फिरवा. सुरुवातीला खरखर ऐकू येते. हळूहळू आवाज मऊ होत जातो, मग व्हॉल्व्ह उचलून पाव फेरा फिरवून पुन्हा टेकवायचा. जाड पेस्टनंतर बारीक. थांबायचं कधी? सीटवर आणि व्हॉल्व्हवर सलग, कुठेही न तुटलेलं, एकसारखं राखाडी कडं दिसलं की. ते साधारण एक मिलीमीटर रुंद असावं. फार रुंद झालं तर व्हॉल्व्ह नीट आवळून बसत नाही, म्हणून खड्डे पडलेली सीट तासभर घासून सपाट करायला जाऊ नका. ते कटरचं काम आहे.

पेस्टचा कण न कण धुऊन काढा, गाईडच्या आतलाही. नवी सील बसवा, स्प्रिंगचे दाट वेढे हेडच्या बाजूला ठेवा, स्प्रिंग अडकवणारे कॉटर बसल्यावर दांड्याच्या टोकावर प्लास्टिकच्या हातोडीने हलकी टिचकी द्या. मग हेड उलटं-सुलटं धरून इनटेक आणि एक्झॉस्टच्या वाटेत केरोसीन किंवा पेट्रोल ओता आणि व्हॉल्व्हच्या तोंडाकडे बघत राहा. ओल दिसली तर परत उघडा. हे केल्याशिवाय हेड बसवणाऱ्याला मी गाडी देणार नाही.

हेडचा सपाटपणा पोलादी पट्टी आणि फीलरने पाहा. ०.०५ मिलीमीटरचं पान पट्टीखाली सरकलं तर हेड घासून सरळ करून घ्या. नट कोपऱ्याकोपऱ्याने, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने. हाताच्या अंदाजाने अॅल्युमिनियमचे आटे उडतात.

टॅपेट किती ठेवायचं?

टॅपेट म्हणजे इथे व्हॉल्व्ह दाबणारा रॉकर आणि व्हॉल्व्हचा दांडा यांच्यातली फट. आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला. तो मिलीमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो, आणि काही गाड्यांत इनटेक-एक्झॉस्टचा वेगळा असतो. म्हणून 'सगळ्यांना चालतं' असा आकडा कुणाकडून घेऊ नका.

इंजिन पूर्ण थंड हवं. होंडाची अट ३५ अंश सेल्सिअसच्या आतली आहे. मे महिन्यात दुपारी उन्हात उभी असलेली गाडी न चालवताही त्याच्या वर जाते, म्हणून काम सकाळी उठल्या उठल्या करा. मॅग्नेटवरची 'टी' खूण जुळवा, म्हणजे पिस्टन वरच्या टोकाला येतो. मग दोन्ही रॉकर हलवून पाहा, दोन्ही थोडे सैल असायला हवेत. एखादा ताठ असेल तर पिस्टन एक्झॉस्टच्या टोकाला आहे, अजून एक पूर्ण फेरा द्या. फीलरचं पान ओढताना लोण्यातून सुरी ओढल्यासारखं हलकं अडखळत यावं. नट आवळल्यावर पुन्हा मोजा, कारण आवळताना स्क्रू फिरतोच.

आता महत्त्वाचं. टॅपेट वाजतं म्हणून लोक घाबरून येतात, पण वाजणारं टॅपेट इंजिन सहसा मारत नाही. घातक असतं ते घट्ट झालेलं. व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये बसत जातो तशी फट कमी होते, गाडी शांत वाटते आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंद होईनासा होतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता सीटला टेकल्यावरच हेडमध्ये उतरते. टेकलाच नाही तर तो जळतो. तापल्यावर बंद पडणारी आणि थंड झाल्यावर सुरू होणारी गाडी असेल, तर कॉइल बदलण्याआधी टॅपेट बघा. 'आवाज येतो, जरा आवळून द्या' अशी मागणी मेकॅनिककडे कधीच करू नका. 'मापात करून द्या' म्हणा.

टायमिंग चेन बदलावी का?

हेड उघडलंच आहे आणि कॅम फिरवणारी ही चेन ताणली आहे किंवा गाईडच्या पट्टीवर खोल चर पडलेत, तर बदला. बसवताना चेन ताठ ठेवणारा टेन्शनर आधी आत ओढून घ्या, 'टी' खूण आणि कॅमच्या दात्यावरची खूण दोन्ही जुळवा, टेन्शनर सोडा आणि इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा बघा. मध्येच अडलं तर जोर लावू नका. पिस्टन व्हॉल्व्हला लागत असेल.

गाडी एवढी चालली नाही, तरी इंजिन का झिजलं?

किलोमीटरवरून झीज कळत नाही. आपल्याकडे तीन-चार कारणं ठरलेली आहेत.

पहिलं धूळ. डिचोली-सांखळीकडचा खाणपट्टा असो की जांभ्या दगडाचा गावरस्ता, तांबडी बारीक माती फिल्टरमध्ये बसते. फिल्टर फाटला, किंवा त्याचा डबा नीट न बसवता स्क्रू अर्धे घातले, की ती माती थेट बोअरमध्ये जाते. पिस्टनवर उभे ओरखडे दिसले तर नवा पिस्टन घालण्याआधी फिल्टरचा डबा आणि त्याचा रबरी जोड तपासा. कारण तसंच राहिलं तर नवंही तसंच झिजणार.

दुसरं, पंख्याची कव्हरं. या इंजिनांना मॅग्नेटवरचा पंखा हवा देतो आणि इंजिनाभोवतीची प्लास्टिकची कव्हरं ती हवा ब्लॉक-हेडवरच्या पात्यांपर्यंत (फिन्सपर्यंत) नेतात. काम झाल्यावर एखादं तुटकं कव्हर न लावताच गाडी परत देणारे खूप आहेत. त्याने इंजिन तापतं, ऑइल पातळ होतं, बोअर ओरखडतो. महिनोन्महिने पडवीत उभ्या असलेल्या गाडीत कुंभारीण माशी याच जागेत मातीची घरटी बांधते. तीही खरवडून काढा.

तिसरं, घर ते बाजार असा दोन किलोमीटरचा प्रवास. इंजिन तापतच नाही, ऑइलमधलं पाणी उडत नाही. वर्षाला साधारण ३००० मिलीमीटर पाऊस पडणाऱ्या राज्यात हा प्रश्न लहान नाही. झाकणाच्या आत पांढरट साय दिसली तर किलोमीटर न मोजता ऑइल बदला. किनाऱ्यालगत राहत असाल तर खारी हवा सायलेन्सरचे बोल्ट खाते. ते आदल्या दिवशी गंजनाशक फवारून ठेवूनच खोला.

पुराच्या पाण्यात गाडी बंद पडली. सेल्फ मारून बघू?

मुळीच नको. पाणी दाबलं जात नाही. बोअरमध्ये पाणी असेल तर सेल्फच्या एका झटक्यात कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. प्लग काढा, किकने सावकाश फिरवून पाणी बाहेर येऊ द्या, फिल्टर काढा, ऑइल पाहा. चहासारखं झालं असेल तर ओतून टाका, नवं भरून थोडं चालवून पुन्हा बदला. मागच्या चाकाजवळच्या गिअरपेटीचं ऑइलही बदला, ते सगळे विसरतात.

रेंट-अ-बाईकवाल्यांकडची जुनी स्कूटर घ्यावी का?

किंमत कमी असते, पण तिचे किलोमीटर दर आठवड्याला वेगळ्या हाताने झालेले असतात. थंड इंजिनावर पूर्ण अॅक्सिलरेटर देणारे त्यात बरेच. कॉम्प्रेशन मोजू द्यायला विकणारा तयार असेल तरच पुढे बोला. फुल इंजिनाचा खर्च मनात धरून भाव करा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतील तर खासगी नोंदणीत बदल करून घेणं कोणाकडे, हेही लेखी ठरवा.

वडिलांची बजाज चेतक आहे, दोन-स्ट्रोक. तिचे व्हॉल्व्ह?

तिच्या हेडमध्ये असे व्हॉल्व्ह आणि टॅपेट नसतातच, वायू बोअरमधल्या पोर्टमधून ये-जा करतात. तिथे पोर्ट आणि सायलेन्सरमधला कार्बन, रिंगा आणि क्रँकचे ऑइल सील बघायचे.

काम झाल्यावर गाडी कशी चालवायची?

सुरू करण्याआधी प्लग काढून इंजिन थोडं फिरवा म्हणजे ऑइल वर चढेल. ऑइल १०डब्ल्यू-३० एमबी, किंवा मॅन्युअल सांगेल ते. गिअरलेस स्कूटरचा क्लच इंजिन ऑइलमध्ये नसतो, म्हणून एमबी, म्हणजे कमी घर्षणाच्या, प्रतीचं चालतं.

सुरू झाल्यावर जागेवर अर्धा तास घुमवत ठेवू नका. रिंगा बोअरला बसायला थोडा जोर लागतो. गाडी बाहेर काढा, वेग कमी-जास्त करत चालवा, मध्ये मध्ये अॅक्सिलरेटर सोडून इंजिनाला रोखू द्या. पहिले काही शे किलोमीटर डबलसीट घाट नको, हायवेवर एकाच वेगाने ताणणं नको. पहिलं ऑइल ५०० किलोमीटरला बदला, मी तर त्याआधीच बदलायला सांगेन, आणि तेव्हा ऑइलची जाळीही धुवा. त्याच वेळी थंड इंजिनावर टॅपेट पुन्हा मापात घ्या. नव्याने घासलेले व्हॉल्व्ह याच काळात बसतात आणि फट बदलते. १००० किलोमीटरनंतर नेहमीसारखी चालवा.

क्रँककेस फुटला आहे. जुन्या बाजारातून दुसरा घालू का?

ब्लॉक, पिस्टन, हेड बदललं तर कागदोपत्री काही करावं लागत नाही. इंजिन नंबर मात्र क्रँककेसवर असतो. तो बदलला की आरसीवरचा नंबर जुळत नाही, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली नोंद करून घ्यावी लागते. घेण्याआधी आपल्या आरटीओत विचारा, विकणाऱ्याकडून बिल आणि मूळ गाडीचे कागद घ्या. कागद नसलेला क्रँककेस कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या, तो चोरीच्या गाडीचा असू शकतो. नोंद झाल्यावर विमा कंपनीलाही नवा नंबर कळवा.